पिवळ्या जवाऱ्यांची खोली

१७ मार्च १९५७, रविवार

रजनीने नवस बोलला त्याला तीन महिने झाले आणि मला तो आज कळला. मूल तिसऱ्या महिन्यापलीकडे टिकलं तर यंदा गणगौरीला मातेची बाडी आपल्या घरी. आता पाचवा संपत आला. आधी का सांगितलं नाहीस म्हणालो, तर म्हणे, "सांगितलं असतं तर तुम्ही वर्गात विचारता तसं कारण विचारलं असतं." खरं आहे, विचारलं असतं.

बाडी म्हणजे एक अंधारी खोली. एकादशीला टोपल्यांत माती घालून गहू पेरायचे आणि चैत्र तृतीयेला दार उघडेपर्यंत उन्हाची तिरीपही आत येऊ द्यायची नाही. अंधारात वाढलेले जवारे पिवळेधमक निघतात. तीच रनुबाई, म्हणजे गौर, माहेरपणाला आलेली. चार पाती जरी हिरवी झाली तरी गल्लीभर कुजबूज होते की या घराचं काही चुकलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. पाती उजेडामुळे हिरवी होतात, पापामुळे नाही, हे मला ठाऊक आहे. पण गल्लीला कोण सांगणार?

याआधी तीन वेळा घरात पाळण्याचं बोलणं निघालं आणि तीनही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. तिसऱ्या वेळेनंतर रजनीने दोन महिने आरशात पाहिलं नव्हतं. आज तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. बराच वेळ काही नाही, मग आतून बारीकशी टिचकी बसली. मी हात काढलाच नाही. ती म्हणाली, "आता तरी हो म्हणा." हो म्हणालो.

२१ मार्च

आजवर आमच्या गल्लीची बाडी मथुराबाई माळिणीकडे असायची. गेल्या भादव्यात तिची खोली पडली. म्हातारी सत्तरीची आहे, बाडीचं सगळं तिलाच कळतं, म्हणून तिला बोलावून आमची मागची खोली दाखवली. दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, वर पत्रा. घरमालकाची सरकी ठेवायची जागा होती ती. एक खिडकी होती, ती मी कालच विटा लावून बुजवली.

उजेड कुठून येतो ते शोधायची माझी युक्ती साधी आहे. भर दुपारी बारा वाजता आत जायचं, दार लावून घ्यायचं आणि डोळे सरावेपर्यंत गप्प बसायचं. मग जिथे जिथे ठिपका दिसेल तिथे खडूने गोल करायचा. एक्केचाळीस गोल झाले. पत्र्याच्या खिळ्यांची भोकं, दाराच्या फळ्यांमधल्या फटी, उंबऱ्याखालची चीर. शेणमातीत कापूस कालवून एकेक भरलं. परत बसलो तर सात राहिले होते, तेही भरले. शेवटी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना, तेव्हा समाधान झालं.

मथुराबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मास्तर, एवढं काहाले बुजवून राहिले? माह्या कुडाले हजार भोकं होती."

म्हटलं, "मग ऊन नव्हतं का येत?"

"ऊन नाही ये. हवा ये. पऱ्हाट्याचा कूड, वरून शेण. तो आपोआप श्वास घेतो. हा तुमचा दगड काय घेईन?"

म्हातारीचं बोलणं आधी हसण्यावारी नेलं. पण चूक म्हणता येत नाही. ओल्या मातीच्या अकरा टोपल्या, अखंड समई, धुपाची गोवरी आणि आत बसणारी माझी बायको. हवा हवीच.

२४ मार्च, रविवार

जमलं. आज जेवण विसरलो इतका खूश आहे.

प्रकाश सरळ रेषेत जातो, हवेला तसं काही बंधन नाही. सातवीला दरवर्षी शिकवतो, पण कामाला आज लावलं. घासलेटच्या डब्यांचा पत्रा कापून दोन नळ्या केल्या, वीतभर रुंद. प्रत्येकीला काटकोनात दोन वळणं. आतून काजळी आणि सरस यांचा लेप, म्हणजे उजेड आत शिरला तरी काळ्या पत्र्यावर विझेल. एक नळी उंबऱ्याजवळ खाली, गार हवा आत यायला, दुसरी समोरच्या भिंतीत पत्र्याखाली, गरम हवा बाहेर जायला. आत दार लावून उदबत्ती धरली. धूर सरळ वरच्या नळीकडे गेला. ठिपका एकही नाही. रजनीला आत नेऊन दाखवलं तर म्हणाली, "मला काहीच दिसत नाही." म्हटलं, तेच तर दाखवतोय.

मथुराबाईने नळीला तळहात लावला, हवा लागली तशी मान डोलावली. "मास्तरची अक्कल चालली." गल्लीतल्या हिंदीवाल्या बायासुद्धा बघून गेल्या. भोपाळचं नवं राज्य झाल्यापासून आमची मराठी शाळा राहते की जाते याचा पत्ता नाही, माझी बदली खंडव्याला होणार असं रोज कुणीतरी सांगतं. पण आज सगळ्यांच्या तोंडी मास्तरजी, मास्तरजी. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

२७ मार्च, एकादशी

गहू पेरले. आत जायचं ते फक्त रजनी आणि मथुराबाईने. मी सोवळ्याने, आणि अगदीच गरज पडली तर. पाणी घालायचं काम मथुराबाईचं. नवस रजनीचा, म्हणून सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास आत बसून धूप चालू ठेवायचा, गाणी म्हणायची आणि एकवेळ जेवायचं. मी म्हटलं, पोटुशा बाईने एवढं करू नये. रजनी म्हणाली, "त्याच्यासाठीच तर करतेय."

दाराआडून तिचा आवाज ऐकू येत होता. लग्नाला अकरा वर्षं झाली, ती गाते हे मला माहीतच नव्हतं.

३० मार्च

घोळ झाला. वरच्या नळीसमोरच्या तीन टोपल्यांत कोंबांची टोकं पोपटी दिसतात. रजनीने सकाळी सांगितलं तेव्हा समईच्या उजेडाचा भास असेल म्हणालो. सोवळ्याने जाऊन पाहिलं, भास नाही. दुसऱ्या वळणावरचा काजळीचा लेप उन्हाने पत्रा तापून पोपडे धरून निघालाय आणि तिथला पत्रा चकाकतो. घाईत सरस पातळ झाला होता, माझीच चूक.

नळी काढून पुन्हा लेप द्यायचा तर भिंत उकरावी लागेल, उजेड भसकन आत येईल. शेजारची शोभा रजनीला विचारून गेली, "काय गं, पिवळे आहेत ना?" रजनीचा चेहरा एवढासा झाला. मी आत गेलो आणि माझ्या जुन्या धोतराचे बोळे करून वरची नळी बंद केली. खालचीही केली, उगाच शंका नको. चार दिवसांचा प्रश्न आहे. मथुराबाईला बोललो नाही. तिला एवढ्यात काही समजावत बसायला नको.

३१ मार्च, रविवार

काल सांजेला अवकाळी पडला, गाराही. केळीवाल्यांचं फार नुकसान झालं म्हणतात. आमच्याकडे निराळाच त्रास. खोली दमट झाली, भिंतींना पाणी सुटलं आणि टोपल्यांतल्या मातीवर पांढरी बुरशी धरली. दार उघडलं की आंबूस वास येतो. मथुराबाई वास घेऊन म्हणाली, "हवा नाही लागू राहिली. रातच्याले दार उघडं टाका, घंटाभर." म्हटलं, अंगणासमोरच नगरपालिकेचा विजेचा दिवा लागलाय, विजेचा उजेडही उजेडच. ती म्हणाली, "मग चादर धरा." एवढ्या सोप्या उपायाने माझं समाधान होत नाही, हा माझा स्वभाव.

जवारे सडले तर हिरव्याहून वाईट. दुपारी शेगडी आत ठेवली. लाकूड नाही, धूर होईल. अंगणात पूर्ण फुलवलेला लाल कोळसा, धुराचा टिपूसही नाही. दोन तासांत भिंती सुकायला लागल्या. मथुराबाईला एवढंच सांगितलं की ऊब दिली आहे.

१ एप्रिल, पाडवा

बुरशी गेली. पोपटी टोकंही फिकी पडल्यासारखी वाटतात. जवारे चांगले चार बोटं झालेत.

रजनीचं डोकं सकाळपासून ठणकतंय. दोनदा ओकली. अंगणात येऊन बसली की तासाभराने उतरतं, आत गेली की परत सुरू. आता सहाव्यात ओकाऱ्या का, म्हणून शोभाला विचारलं, ती म्हणाली उपासाने पित्त होतं. गाल मात्र लालबुंद झालेत. बाया म्हणाल्या, रनुबाईचं तेज आलं तोंडावर. दुपारी आत गाता गाता तिचा आवाज मधेच थांबला, पुन्हा लागला तो जड, अडखळत. दाराबाहेरच्या बायांनी हात जोडले, माता आली म्हणाल्या. मी पण जोडले.

समई नीट जळत नाही. वात मोठी केली तरी ज्योत बारीक होते. दुकानदाराने तेलात काहीतरी मिसळलेलं दिसतंय, उद्या त्याला धरतो. शेगडीत कोळसे घालायला आत पाव तास होतो, माझंही डोकं धरलं. पाडव्याचा कडुनिंब रिकाम्या पोटी जास्त झाला असावा.

रजनीला म्हटलं, आज पुरे, मथुराबाई बसेल. तिने ऐकलं नाही. एकच दिवस राहिला म्हणाली.

२ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळची शाळा सुटून बारा वाजता आलो. अंगणात कुणी नाही. बाडीचं दार सताड उघडं, ऊन थेट टोपल्यांवर. रजनी उंबऱ्यावर आडवी, कमरेपासून वर बाहेर, पाय आत. लुगडं ओकारीने भरलेलं. डोळे अर्धे उघडे.

मी आधी तिचे पाय ओढून दार लावलं. मग तिला उचललं.

हे लिहिलं कारण तसंच झालं.

पाणी मारल्यावर शुद्धीवर आली. पहिलं वाक्य, "मी उघडलं. मला काही दिसेना, पाय उचलेनात. कसंतरी उघडलं." मी म्हणालो, "एकच दिवस राहिला होता गं." ती रडायला लागली. त्यानंतर पुष्कळ समजावलं, पण ते वाक्य आधी गेलं होतं.

मथुराबाई धावत आली. आधी रजनीकडे गेली, दाराकडे बघितलंही नाही. "मास्तर, तिले वाऱ्यात बसवा. जवाऱ्याले काही नाही होत. बाई पहा." तिने मोकळ्या ओट्यावर तिला टेकवून बसवलं, पदराने वारा घातला. उरलेली बैठक मथुराबाई करते म्हणाली. मी नको म्हणालो, आता कुणीच बसायला नको. शेगडी मात्र ती पाणी घालायला आत जाण्याआधी बाहेर काढली.

दिवे लागायच्या सुमाराला रजनीने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "दुपारपासून हललं नाही." हात ठेवून पाहिलं. म्हटलं, तू थकलीस, तेही थकलं असेल, झोपलं असेल.

३ एप्रिल, तृतीया

दार उघडलं. सगळे जवारे पिवळे. उन्हाची ती पाव घटका कुठे दिसलीही नाही. बाया म्हणाल्या, इतके उंच आणि सोनेरी जवारे गल्लीत कधी झाले नव्हते. ढोल आले, टोपल्या डोक्यावर निघाल्या. माझ्या गळ्यात कुणीतरी हार घातला. पुढच्या वर्षी पण मास्तरजींकडेच, असं ठरलंसुद्धा.

रजनी उठली नाही.

माणसं पांगल्यावर मथुराबाई आत झाडायला गेली. बाहेर आली ती माझ्या धोतराचे दोन्ही बोळे हातात घेऊन. दुसऱ्या हाताने अंगणाच्या कोपऱ्यातल्या शेगडीकडे बोट केलं. मी म्हणालो, उजेड येत होता. तिने बोळे उंबऱ्यावर ठेवले आणि घरी गेली.

बाळ हललं नाही.

५ एप्रिल

काल पहाटे मोकळी झाली. मुलगी होती. पूर्ण होती, नखंसुद्धा.

डॉक्टर यादव आले होते. भला माणूस, खंडव्याहून इथे येऊन दोनच वर्षं झाली. रजनीला तपासून झाल्यावर मला ओसरीवर घेऊन बसले. त्यांनी एकेक विचारलं. खोली केवढी, आत काय जळत होतं, बाहेर आल्यावर डोकं उतरायचं का. मी उत्तरं देत गेलो. मग म्हणाले, कोळशाचा एक वायू असतो, त्याला ना धूर, ना वास. रक्तात भिनतो. आईला बाहेर काढलं की आई सावरते, बाळाला मात्र आई सावरेपर्यंत दम निघत नाही. बाईंनी दार उघडलं म्हणून त्या तरी हाती लागल्या, आणखी पाव तास आत असत्या तर दोघी गेल्या असत्या.

आणि मग विचारलं, "खोलीला हवा नव्हती का काहीच?"

मी म्हणालो, "दोन नळ्या आहेत."

त्यांनी उठून नळ्या पाहिल्या. खालच्या नळीला हात लावला, आत हवा खेळत होती. वाखाणणी केली. म्हणाले, "मग इतकं व्हायला नको होतं. नशीब." त्यांनी कागदावर काय लिहिलं मी पाहिलं नाही.

हंडीखाली पेटलेली मेणबत्ती विझते, हा प्रयोग मी बारा वर्षं मुलांना करून दाखवतोय. समई बारीक झाली तेव्हा मी तेलवाल्याला शिव्या घातल्या. कुणाला सांगू हे? मी माझ्या हाताने पोर मारली.

८ एप्रिल

रजनी भिंतीकडे तोंड करून असते. जेवत नाही, चार दिवस नुसत्या पेजेवर आहे. शोभा आणि आणखी दोघी भेटायला आल्या, त्यांचं बोलणं मी ओसरीवरून ऐकलं. वाईट मनाच्या नाहीत बिचाऱ्या. म्हणत होत्या, दार मधेच उघडायला नको होतं गं, रनुबाई उन्हाने परतली, रिकाम्या हाताने कशी जाईल, आपली वस्तू घेऊन गेली. रजनी हुंकार भरत होती, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं.

त्या गेल्या आणि मथुराबाई आली. रजनीच्या पायांना तेल चोळून दिलं आणि जाताना मला बाहेर बोलावलं.

"पोरीले वाटते तिनं केलं. तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो."

"कधी?"

"आज."

"सांगा मास्तर. दार उघडलं म्हणून ती हाये, हे तिले कळू द्या. नाहीतर ती आयुष्यभर हेच घेऊन बसीन." मग थांबून म्हणाली, "मी पण चुकली. नळीले हात लावून पाहाले पाहिजे होतं मधातच." म्हातारीचे डोळे भरले. तिची काय चूक? तिने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

९ एप्रिल

काल सांगितलं नाही. दोनदा जवळ जाऊन बसलो. वाक्य तयार होतं, नळ्या मी बंद केल्या होत्या. एवढी पाचच पदं. चाळीस पोरांसमोर उभा राहून बोलणाऱ्या माणसाला तेवढी जमेनात. स्वतःला समजावलं की ती अशक्त आहे, हे ऐकून खचेल, थोडी ताकद येऊ दे.

आज सकाळी तीच उठून माझ्यापाशी आली. चालताना भिंत धरत होती. खाली बसली आणि दोन्ही हातांनी माझे पाय धरले. मी सोडवायला गेलो तर घट्ट धरून ठेवले.

म्हणाली, "तुम्ही एवढं केलं. एकेक भोक बुजवलं. धावपळ केली, सगळ्यांनी नावाजलं. आणि मी एक दिवस कळ काढली नाही. मला घाबरायला झालं आणि मी दार उघडलं."

मी म्हणालो, "रजनी, उठ."

"तुमची पण मुलगी होती. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं. असं गप्प राहू नका. माफ केलं म्हणून सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं की मी जेवेन."

मला वाटलं होतं या वेळी तरी बोलेन. तोंड उघडलंसुद्धा.

मी म्हणालो, "केलं माफ."

ती बराच वेळ रडली. मग डोळे पुसले, उठली, चुलीपाशी जाऊन बसली आणि भाकरी मागितली. मी वाढली. दीड भाकरी खाल्ली.